पाच जणींची वहिवाट

"एखादा खून असला तर बघा ना," दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले. मी मासळी बाजारात बसले आहे आणि त्यांना ताजा हलवा हवा आहे, असा सूर होता. मी म्हटलं, डहाणूच्या कोर्टात जन्म गेला माझा, पण सगळा दिवाणी कामांत. दिवाणीत सहसा कोणी कोणाला मारत नाही. दावा चालू असताना म्हातारपणाने जातात, तेवढंच. माझ्याकडे बांध आहेत, गटारं आहेत, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारी चिकूची पानं आहेत आणि वाटा आहेत. ते उदार होऊन म्हणाले, "बरं, वाट चालेल."

तर वाट.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, वहिवाट. वकिलांचा फार लाडका. जमीन कसणं म्हणजे वहिवाट, देवस्थानचा कारभार पाहणं म्हणजे वहिवाट, आणि दुसऱ्याच्या जागेतून वर्षानुवर्षं ये-जा करणं म्हणजेही वहिवाट. एकाच शब्दात इतकं बसवल्यावर ज्याची जमीन आहे त्यालाच तो कळेनासा होतो. उधव्याचा लखमा नावाचा एक म्हातारा माझा साक्षीदार होता. दावा शेतीचा. मी नवीन होते, कोट कडक होता. विचारलं, "या जमिनीत तुमची वहिवाट कधीपासून आहे?" लखमाने नीट विचार केला आणि आपल्या वारली बोलीत सांगितलं, की वाटा दोन आहेत, एक ओहोळातून आणि एक आंब्याखालून, पण बाईंना यायचं असेल तर आंब्याखालून यावं, चिखल कमी लागेल. हे सगळं साक्षीत टाइप झालं. मग मी साध्या भाषेत विचारलं, "जमीन कसतं कोण?" तो म्हणाला, "मीच. दुसरा कोण कसेल?" दावा तिथेच मिटल्यासारखा होता. तेव्हापासून मी साक्षीदाराला हा शब्द विचारत नाही. अर्जात मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. हाताची सवय.

वाटेच्या वहिवाटीचा कायदा थोडक्यात असा. दुसऱ्याच्या जमिनीतून तुम्ही वीस वर्षं उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्काने जात असाल, तर तिथून जाण्याचा तुम्हाला अधिकार मिळतो. उघडपणे म्हणजे लपूनछपून नाही. शांततेने म्हणजे मारामारी करून नाही. खरी गोम आहे 'हक्काने' या शब्दात. हक्काने म्हणजे परवानगीवाचून. मालकाला विचारून गेलात तर तुम्ही पाहुणे, आणि पाहुण्याला मालक कधीही निरोप देऊ शकतो. न विचारता बिनधास्त गेलात, तर वीस वर्षांनी अधिकार तुमचा. थोडक्यात, आईबापांनी लावलेलं वळण कोर्टात तुमच्याच विरुद्ध पुरावा होतं. नव्या वकिलांना हे सांगितलं की ते हसतात. पक्षकाराला सांगितलं की तो आपल्या आईबापांना दोष देऊ लागतो.

देवकीबाई माझ्याकडे आली ती अशाच वाटेसाठी. आगरच्या किनाऱ्यावर राहणारी, मासे विकणारी बाई. तेव्हा साठीची असेल. तिच्याबरोबर आणखी चौघी, सगळ्या तिच्याच आळीतल्या. माझ्या ऑफिसात खुर्च्या तीन. त्या पाचही जणी उभ्याच राहिल्या, आणि पाचही जणी एकदम बोलल्या. त्यातून मला कळलं ते असं.

त्यांची घरं समुद्राकडे. गाडीरस्ता दुसऱ्या बाजूला. मध्ये चिकूची वाडी. पहाटे होड्या आल्या की माल पाटीत घ्यायचा, वाडीतून पायवाटेने रस्त्यावर यायचं आणि टमटम पकडून डहाणूचा बाजार गाठायचा. देवकीबाईची आजेसासूही याच वाटेने गेली होती. वाडीचे मालक नाना. बायको गेल्यावर ते वाडीतल्या घरात एकटेच राहत. नाना वारले आणि त्यांचा मुलगा जयेश वापीची नोकरी सोडून परत आला. त्याने चिकूच्या झाडांखाली चार खोल्या बांधल्या, झोपाळे टांगले आणि होम-स्टे सुरू केला. मुंबईचे पाहुणे यायला लागले. त्यांना समुद्राची हवा हवी होती, पण पहाटे खिडकीखालून जाणाऱ्या बोंबलांचा वास नको होता. जयेशने वाटेवर लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं.

"आता वाळूतनं फिरून जातो," देवकीबाई म्हणाली. "सुरूच्या बनाला वळसा, मंग गल्ली. पोचतो तोवर बर्फ पाणी नि गिऱ्हाईक घरी."

"नानांची परवानगी घेतली होती का कधी?" मी विचारलं. दाव्याचा जीव याच प्रश्नात असतो.

"कसली परवानगी?" तिने बाकीच्यांकडे पाहिलं. "कोण देतो परवानगी?"

चौघींनी माना हलवल्या. मी खूश झाले आणि दावा दाखल केला. पाच वादी, एक प्रतिवादी. निकाल लागेपर्यंत फाटक उघडं ठेवावं असा अर्जही दिला. तो नामंजूर झाला, आधी पुरावा होऊ दे म्हणून. मग तारखा सुरू झाल्या. दोन पावसाळे त्या पाच जणी वाळूतून पाटी वाहत होत्या. त्यातल्या एकीने धंदाच सोडला आणि कारखान्यात डबे पुसायला लागली. तारखेला मात्र ती अर्धा दिवस खाडा करून येई. कोर्टात बसून कोळंबी सोलल्यासारखी बोटं हलवायची.

शेवटी देवकीबाईच्या साक्षीचा दिवस उगवला. हल्ली साक्षीदाराची मुख्य हकीकत वकीलच लिहून शपथपत्रावर देतात. मग समोरचा वकील उलटतपास घेतो. शपथपत्र मी लिहिलं होतं, म्हणजे त्यात तो शब्द होताच. समोर मेहता वकील. गोड बोलणारा माणूस. साक्षीदार महिलेला 'बेन' म्हणून असं विचारतो, की तिला वाटावं हा आता चहा मागवतो. न्यायाधीश तरुण, विदर्भातून नुकतेच आलेले. ओले बोंबील आणि सुके बोंबील हे एकच मासे, हे त्यांना इथे येऊन कळलं होतं.

मेहतांनी शपथपत्र हातात घेतलं. "बेन, इथे लिहिलंय, 'अव्याहतपणे वहिवाट'. अव्याहत म्हणजे काय?"

"ते बाईंना विचारा," देवकीबाईने माझ्याकडे बोट केलं. "त्यांनी लिवलंय."

कोर्टात हसू फुटलं. मी फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागले.

"बरं. 'शांततेने' असंही लिहिलंय. हे तरी खरं?"

"नाय साहेब. ते खोटं."

माझं शोधणं थांबलं.

"आमी पाच बायका. पहाटेच्या निघायच्या. बोलत जायचो, हसत जायचो, भांडत पन जायचो. शांततेनं कशा जाऊ?"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला आणि तिला समजावलं, की कोर्टात शांततेने म्हणजे जबरदस्ती न करता. "मंग खरं," ती म्हणाली.

मेहतांना घाई नव्हती. "नानांना मासे द्यायचात ना कधीकधी?"

"द्यायचो ना. पापलेट आलं की एक त्याचं."

"वाटेच्या बदल्यात?"

"नाय. खायला."

पुन्हा हसू. मेहताही हसले. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवले, चष्मा काढला आणि अगदी घरातल्यासारखं विचारलं, "बेन, नाना मोठा माणूस. तुम्ही संस्कारी बायका. वाडीतून जाताना त्यांना विचारायचात ना?"

"हो," देवकीबाई म्हणाली. "रोज विचारायचो."

"रोज?"

"एक दिवस चुकला नाय. मी नाय तर ही विचारायची."

"दॅट्स ऑल," मेहता म्हणाले आणि बसले. ज्या तऱ्हेने त्यांनी कोट सारखा केला, त्यावरून मला कळलं की त्यांच्या मनात दावा निकाली निघाला होता. माझ्याही. रोज विचारून जायच्या, म्हणजे परवानगीने. परवानगीने, म्हणजे हक्काने नव्हे. मी ऑफिसात 'परवानगी' असा कोर्टातला शब्द वापरला होता आणि तिने नाही म्हटलं होतं. मेहतांनी घरातला शब्द वापरला आणि ती हो म्हणाली.

उलटतपासात गोंधळ झाला तर तो दूर करायला आपल्या साक्षीदाराला पुन्हा दोनचार प्रश्न विचारता येतात. त्याला फेरतपास म्हणतात. त्याचा नियम एकच, आणि प्रत्येक वकील तो आपल्या हाताखालच्याला शिकवतो. उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न विचारू नये. मला उत्तर ठाऊक नव्हतं. न विचारता बसले असते तर दावा तिथेच गेला होता. मागच्या बाकावर त्या चौघी बसल्या होत्या आणि छान झालं म्हणून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मी उभी राहिले.

"देवकीबाई, नानांना रोज काय विचारायचात?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "काय विचारनार? नाना, उठलास का? बरा हायस ना? एकटा राहायचा बिचारा. बायको गेलेली, पोरगा वापीला. रात्रीतनं काय झालं तर कोणाला कळनार? म्हनून घरापाशी आलो की हाक मारायची. तो आतनं ओ द्यायचा. मंग पुढं."

"वाटेबद्दल काही विचारायचात का?"

"वाटेचं काय विचारायचं? वाट माझ्या आजेसासूची. त्याला काय ठावूक नव्हतं?"

मेहता अर्धे उठले, पण कशाला हरकत घ्यावी ते त्यांना सुचेना. मी बसायला हवं होतं. मी बसतच होते. पण देवकीबाईचं बोलणं संपलं नव्हतं.

"एक दिवस ओ दिली नाय. दोनदा हाक मारली. दार ढकललं, तर नाना न्हानीच्या दाराशी पडलेला. तोंड वाकडं. आमी पाट्या तिथंच चिकूखाली टाकल्या. चादरीत घातला नि रस्त्यापर्यंत नेला. टमटमवाल्याला बोललो, पॅसेंजर उतरव. दवाखान्यात पोचवला. डॉक्टर बोलला, वेळेवर आनला. वाचा गेली, पन मंग वर्षभर जगला ना तो."

"आणि मासे?" हा प्रश्न न्यायाधीशांचा. त्याला कायद्यात काही आधार नव्हता.

"मासे कावळ्यांनी नेले, साहेब. उरले ते मांजरांनी."

न्यायाधीश टायपिस्टला म्हणाले, "सगळं घ्या. जसंच्या तसं."

मी मागे वळून पाहिलं. जयेश मेहतांच्या मागे बसला होता. त्याने चेहरा पंख्याकडे केला होता आणि तो पंख्याकडे पाहत नव्हता.

कोर्ट जेवायला उठलं. मी बाहेर व्हरांड्यात आले तर जयेश देवकीबाईसमोर उभा. दोन वर्षं दोघं व्हरांड्याच्या दोन टोकांना बसत होती.

"मावशी, बापूंना तुम्ही नेलं होतं?" वडिलांना तो बापू म्हणायचा.

"मंग कोण नेनार?"

"मला डॉक्टर म्हणाले, शेजाऱ्यांनी आणलं. मी शेजारच्या वाडीवाल्यांकडे गेलो. पाया पडलो त्यांच्या. पेढे दिले."

"त्यांनी घेतले?"

"घेतले."

देवकीबाईने हे बाकीच्या चौघींना सांगितलं आणि पाचही जणी त्या व्हरांड्यात इतक्या हसल्या, की शिपाई बाहेर आला. जयेशही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. मग त्याने खिशात हात घातला, फाटकाची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

"मावशी, ही तुझ्याकडे ठेव. कधीही जा, कधीही ये. माझी परवानगी आहे."

शेवटचं वाक्य त्याने मनापासून म्हटलं. जो शब्द टाळण्यासाठी आम्ही दोन वर्षं झगडत होतो, तोच हा माणूस प्रेमाने ओंजळीत घालत होता. आज त्या किल्लीने वाट उघडली असती. उद्या जयेशने वाडी विकली किंवा त्याच्या मुलाला वास सहन झाला नाही, तर किल्ली परत मागता आली असती. मी मध्ये पडले. शक्य तितक्या हळू आवाजात देवकीबाईला हे सांगितलं. पण व्हरांडा लहान आहे.

जयेश लाल झाला. "तुम्ही वकील लोक माणसाला चांगलं वागूच देत नाही," तो म्हणाला.

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. माणूस वितळलेला असताना त्याला कलमं दाखवणं, हे माझ्या धंद्याचं काम आहे. ते मी केलं. आजही करीन. पण त्या क्षणी माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर बरं झालं असतं.

देवकीबाईने किल्ली उलटसुलट करून पाहिली. मग त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची मूठ स्वतः मिटली. "तुझी माया हाय ती राहू दे, जयेश. तेवढी मी घेतली. पन वाट आमची हाय, असं लिहून दे. किल्ली नको."

"मी देतोय तरी घेत नाहीस?"

"देतोस म्हनूनच नाय घेत."

तो निघून गेला. दोन तारखा तो आलाच नाही. नुसते मेहता यायचे आणि माझ्याकडे न पाहता पुढची तारीख मागायचे. आता काही जुळत नाही, निकालालाच जावं लागेल, असं मी धरून चालले. तिसऱ्या तारखेला जयेश आला. मेहतांच्या हातात तडजोडीचा मसुदा होता. त्यात लिहिलं होतं, की वादी आणि त्यांच्या आळीतले लोक या वाटेने पायी, डोक्यावर ओझं घेऊन, हक्काने ये-जा करतील. फाटक गुरं अडवायला राहील, पण त्याला कुलूप लागणार नाही. 'हक्काने' हा शब्द मी दोनदा वाचला.

"हे कोणी घातलं?" मी मेहतांना हळूच विचारलं.

"पक्षकाराने," मेहता म्हणाले. "मी नको म्हटलं होतं."

मी जयेशकडे पाहिलं. तो म्हणाला, "बापूंनी कधी वाट अडवली नव्हती. त्यांना ठाऊकच असणार ना, वाट कोणाची ते." मग त्याला आपण फार मऊ बोललो असं वाटलं असावं, कारण त्याने लगेच मसुद्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण ही अट पाहिजे. पाहुणे झोपलेले असतात. म्हणून, 'शांततेने ये-जा करावी.' आणि हे कोर्टाचं शांततेने नाही. खरं शांततेने."

त्या ओळीवर अर्धा तास घासाघीस झाली. बाकी सगळा हक्क पाच मिनिटांत मिटला होता. शेवटी देवकीबाई म्हणाली, खोल्यांपासून वाडीतल्या विहिरीपर्यंत गप्प जाऊ, विहिरीच्या पुढं बोलू. मेहतांनी ते कायद्याच्या भाषेत बसवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तसंच्या तसं लिहिलं गेलं. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना वाचून दाखवलं, कळलं का विचारलं, आणि सह्या झाल्या. एवढ्या वर्षांत माझ्या हातून पुष्कळ हुकूमनामे झाले, पण विहिरीपाशी गप्पा सुरू करण्याचा अधिकार देणारा तो एकच.

याला आता काही वर्षं झाली. कारखान्यात गेलेली ती बाई परत मासळीकडे वळली नाही. तिची वाट उघडली तोवर तिचा धंदा दुसरीने घेतला होता. याचं मला वाईट वाटतं. हक्क मिळाला, उशिरा मिळाला, आणि उशिराची भरपाई मागायची कुठे, ते मला अजून माहीत नाही. देवकीबाईचे गुडघे गेले. तिची सून स्कूटरवर माल घालून आता आळीपर्यंत झालेल्या पक्क्या रस्त्याने लांबून जाते आणि तरीही सासू वाटेने पोचायची त्याच्या आधी बाजार गाठते. बाकीच्याही तोच रस्ता धरू लागल्या आणि वाटेवर गवत वाढायला लागलं.

मध्यंतरी देवकीबाई काठी टेकत माझ्या ऑफिसात आली. या वेळी बसली.

"बाई, वाट वापरली नाय तर जाते का हो?"

"जाते," मी म्हटलं. "पण त्याला वीस वर्षं मुळीच वापरली नाही असं व्हावं लागतं."

"वीस," ती म्हणाली. "मंग काय घाई नाय." पण तिचा चेहरा घाई असल्यासारखा होता.

गेल्या हिवाळ्यात पुण्याची माझी आतेबहीण जयेशच्या होम-स्टेमध्ये उतरली होती. तिला भेटायला सकाळी गेले. आम्ही झोपाळ्यावर चहा पीत होतो. जयेश पाहुण्यांची नाश्त्याची ताटं लावत होता. तेवढ्यात समुद्राकडून देवकीबाई आली. पाटी नाही, पिशवी नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पदर. आमच्याकडे न पाहता, झाडांमधून, गवत तुडवत सावकाश चालली होती.

"मावशी, सकाळी सकाळी कुठे निघालीस?" जयेशने हाक मारली.

देवकीबाई थांबली. वळली.

"तुला कशाला सांगू?"

आतेबहिणीला ते उद्धट वाटलं. ती माझ्याकडे पाहायला लागली. जयेश मान खाली घालून हसत पोहे वाढत राहिला. देवकीबाई फाटकाशी गेली, ते ढकललं, गाडीरस्त्यावर दोन्ही पाय ठेवून क्षणभर उभी राहिली. रस्त्यावर कोणी नव्हतं, टमटमही नव्हती. मग ती वळली आणि आली तशीच, त्याच वाटेने घरी गेली.